गणिताची डिग्री आणि घरचा हिशेब

(जालन्यात युवकांच्या अभ्यासवर्गात केलेलं भाषण. बोललो तसंच लिहून काढलंय. आकडे तेवढे पुन्हा तपासून घेतले.)



मी गोदीत काम करतो. कंटेनर भरायचे, रिकामे करायचे. पाळी संपली की अंगाला जो वास राहतो तो आंघोळीनं जात नाही. शिक्षण मॅट्रिक. रात्री जाग राहिली तर कविता लिहितो. अशा माणसाला तुम्ही 'गणिताची डिग्री परवडते का' या विषयावर बोलायला उभं केलं, तेव्हा आधी मलाच हसू आलं. प्राध्यापक मिळाला नाही का, असं विचारलं. कार्यकर्ते म्हणाले, प्राध्यापक डिग्री घेतलेल्यांच्या बाजूनं बोलतील, तू पैसे भरणाऱ्याच्या बाजूनं बोल.

ते खरंय. माझी धाकटी बहीण बारावी सायन्स पास झाली. तिला गणित घेऊन बी.एस्सी. करायचंय. घरात तीन महिने हेच चाललंय. माय म्हणते, नर्सिंग कर, दवाखान्यात लगेच चिकटशील. बाप म्हणतो, पोलीस भरतीचं ग्राउंड मार. मामा म्हणतो, शिकून काय करायचं, चांगलं स्थळ आहे. आणि मंग सगळे माझ्याकडं बघतात, कारण पगार माझा. सोमवारी फॉर्मची शेवटची तारीख आहे. म्हणून मी हे पुस्तकातलं बोलत नाहीये. सोमवारच्या आत मला घरी उत्तर द्यायचंय. ते उत्तर तुमच्यासमोर मोठ्यानं शोधतोय, एवढंच.

पहिल्यांदा बाबासाहेबांकडं जाऊ. १९४२ साली बाबासाहेबांनी व्हाइसरॉय लिनलिथगोला अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचं एक निवेदन दिलं. त्यात शिक्षणाबद्दल त्यांनी जे मांडलं ते आपले पुढारी जयंतीच्या भाषणात सांगत नाहीत. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : नुसत्या कला शाखेच्या आणि वकिलीच्या शिक्षणानं आपल्या समाजाचं फारसं भागणार नाही. आपल्याला हवंय ते विज्ञानाचं, तंत्राचं वरच्या दर्जाचं शिक्षण. पण ते आपल्या ऐपतीबाहेर आहे, म्हणून आपली माणसं पोरांना आर्ट्सला आणि लॉला घालतात. म्हणजे आवड म्हणून नाही. खिशात तेवढंच आहे म्हणून. त्याच काळात, १९४४ साली, अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकनंतरची शिष्यवृत्ती सुरू झाली. ती फुकटची मेहेरबानी नव्हती. भांडून घेतलेली होती.

आता सांगा, ऐंशी वर्षं उलटून गेली, आपल्या वस्तीत काय बदललं? बी.ए. झालेली पोरं प्रत्येक गल्लीत आहेत. एम.ए. झालेला पोरगा स्टीलच्या कारखान्यात सळया उचलतोय. त्याची चूक नाही. त्याच्या बापानं ऐपतीचं शिक्षण घेऊन दिलं. ऐपतीबाहेरचं होतं ते सवर्णांच्या पोरांकडं गेलं.

विज्ञानात सगळ्यात स्वस्त विषय कोणता? गणित. प्रयोगशाळा नाही, केमिकल नाही, यंत्र नाही. वही, पेन्सिल आणि डोकं. भूमिहीन माणसाला परवडणारं हे एकच विज्ञान. मग आपल्यात गणितवाले एवढे कमी काहून? मला शाळेत एका मास्तरनं सांगितलं होतं, तुमच्या लोकांचं डोकं गणितात चालत नाही. वर्गात सगळ्यांसमोर. मी त्या वर्षी वर्गात गणितात दुसरा होतो. पण ते वाक्य डोक्यात घुसलं ते घुसलंच. दहावीनंतर बाप आजारी पडला, मी मुंबईची गाडी धरली. तेव्हा वाईट वाटायच्या ऐवजी थोडं बरं वाटलं होतं. सुटलो, असं. हे सांगायला आज लाज वाटते. पण सांगतो, कारण तुमच्यातल्या बऱ्याच जणांना असंच बरं वाटलं असणार.

आता इतिहास बघा. भास्कराचार्यांचं नाव सगळे घेतात. त्यांच्या नातवानं, चांगदेवानं, त्यांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला. चाळीसगावजवळ पाटणला त्याचा शिलालेख आहे, १२०७ सालचा. आपल्यापासून फार लांब नाही. त्या मठाच्या खर्चासाठी बाजारातल्या मालावर, तेलाच्या घाण्यांवर हिस्सा लावून दिला होता. म्हणजे तेल काढणारानं घाम गाळायचा, दाणे विकणारानं वाटा द्यायचा, आणि त्या पैशावर गणित शिकायचं दुसऱ्यांनी. गणिताच्या शिक्षणाचा खर्च आपल्याला नवा नाही, भावांनो. तो आपण आठशे वर्षांपूर्वीपासून भरतोय. फक्त वर्गात बसलो नव्हतो.

बरं, आता आताच्या खर्चाकडं येऊ. मी आणि बहीण दोघं कागद-पेन घेऊन बसलो. औरंगाबादला, म्हणजे आता कागदावर छत्रपती संभाजीनगरला, शिकायचं धरलं. आमच्या ओळखीच्या पोरींकडनं भाव काढले. खाटेचं भाडं महिन्याला २,५०० रुपये. मेस ३,०००. बारा महिन्यांचे झाले ६६,०००. पुस्तकं, एस.टी., परीक्षा, मोबाईल, दुखणंखुपणं मिळून वर्षाला १२,०००. एकूण ७८,०००. तीन वर्षांचे २ लाख ३४ हजार. कॉलेजची फी यात नाही, ती शिष्यवृत्तीतून जाईल असं धरलंय.

मी म्हणालो, झाला हिशेब. बहीण म्हणाली, "दादा, तू मुख्य खर्च धरलाच नाहीस. मी तीन वर्षं घरी काही कमावणार नाही, ते कुठंय?" तिच्या वयाची पोरगी दुकानात नाहीतर कारखान्यात लागली तर आमच्याकडं महिन्याला ८,००० रुपये आणते. वर्षाला ९६,०००. ही बुडालेली मजुरी. फी माफ करता येते, ही मजुरी कोणतंच सरकार माफ करत नाही. ती मिळवली की वर्षाचा खर्च १ लाख ७४ हजार. तीन वर्षांचे ५ लाख २२ हजार. पुढं दोन वर्षं बी.एड. नाहीतर एम.एस्सी. धरली तर पाच वर्षांचे ८ लाख ७० हजार.

श्रीमंताच्या घरात ही दुसरी ओळ नसतेच. त्याच्या पोराच्या अठराव्या वर्षीच्या मजुरीवर कुणाची चूल पेटत नाही. ज्या तांड्यावरून, ज्या वस्तीवरून दिवाळीनंतर अख्खं घर उचल घेऊन ऊसतोडीला जातं, तिथं पोरगं कॉलेजात ठेवणं म्हणजे एक कोयता कमी करणं. म्हणून डिग्री फुकट आहे असं जो म्हणतो तो खोटं बोलतो.

सरकार काय देतं? केंद्राच्या शिष्यवृत्तीत उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. साध्या पदवीला वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थ्याला वर्षाला ६,००० रुपये निर्वाह भत्ता. म्हणजे महिन्याला ५००, दिवसाला सोळा रुपये. सोळा रुपयांत काय येतं ते बाहेर चहाच्या गाड्यावर जाऊन बघा. दुसरी, राज्याची स्वाधार योजना. ज्याला सरकारी वसतिगृह मिळालं नाही त्याच्यासाठी. मुंबई-पुण्याला वर्षाला ६०,०००, औरंगाबादसारख्या शहराला ५१,०००, बाकी जिल्ह्याच्या ठिकाणी ४३,०००. ५१,००० म्हणजे जेवणाचे २८,०००, राहण्याचे १५,०००, बाकीचे ८,०००. हे पैसे वेळेवर हातात आले तर आमच्या ७८,००० मधले २७,०००च राहतात. ही मोठी गोष्ट आहे, ही नाकारायची नाही. पण खाटवाली बाई एक तारखेला भाडं मागते आणि शासन निधी आल्यावर देतं. या दोन तारखांच्या मध्ये आपली पोरं सावकाराकडं जातात, नाहीतर घरी परत येतात. योजना कागदावर पास होते, पोरगं नापास होतं.

आता दुसरी बाजू. डिग्री घेतली, पुढं काय?

गणितवाल्या पोराला सगळे सांगतात, मास्तर हो. २०१५ पासून बी.एड. दोन वर्षांचं झालं. मधल्या काळात, २०१२ पासून राज्यानं शिक्षकांची भरती कैक वर्षं दाबून धरली. २०१३ पासून टीईटी आली, २०१७ ला अभियोग्यता चाचणी आली, मग पवित्र पोर्टल आलं. नाव पवित्र! २०१९-२० च्या टीईटीत पैसे घेऊन नापासांना पास केल्याचं पुणे पोलिसांनी २०२१ ला बाहेर काढलं. साडेसात हजारांहून जास्त उमेदवारांवर कारवाई झाली. त्यात आमच्यासारख्याचं पोरगं अभ्यास करून बसलं होतं, त्याच्या गेलेल्या वर्षाचा हिशेब कुणी दिला नाही.

समजा लागली नोकरी. माध्यमिक शाळेत पहिली तीन वर्षं शिक्षण सेवक. पूर्वी ८,००० मानधन होतं. २०२३ पासून १८,००० झालं. तीन वर्षांनी पूर्ण वेतनश्रेणी, मूळ पगार ३८,६०० पासून. आता बहिणीनं मांडलं ते ऐका. मजुरीच्या ८,००० पेक्षा सेवकाचे १८,००० म्हणजे महिन्याला १०,००० जास्त. तीन वर्षांत ३ लाख ६० हजार वसूल. ८ लाख ७० हजारातले राहिले ५ लाख १० हजार. पुढं मूळ पगारच धरला तरी महिन्याला ३०,६०० जास्त, वर्षाला ३ लाख ६७ हजार. म्हणजे आणखी दीड वर्षाच्या आत सगळं फिटलं. नोकरी लागल्यापासून साडेचार वर्षांत घर मोकळं, आणि पुढं तीस वर्षं नफा. असा धंदा मोंढ्यातल्या आडत्यालाही मिळत नाही!

टाळ्या वाजवू नका. या सगळ्या हिशेबाच्या आधी एक शब्द आहे. 'लागली तर.'

चौघांतल्या एकाला नोकरी लागली तर? गणित सांगतं, सरासरी काढा, शंभर घरांचं मिळून नुकसान होत नाही. पण आपलं घर शंभर नाही, एक आहे. ज्याच्याकडं इस्टेट आहे तो फासा दहादा टाकू शकतो. एक पोरगं फसलं, दुसरं बापाच्या गादीवर बसलं. आपल्याकडं फासा एकदाच पडतो. तो उलटा पडला तर घर बसतं. हे मला बहिणीनं सांगितलं आणि मी गप्प झालो. तिला भीती कळते. भीती कळूनही तिला गणितच करायचंय.

म्हणून मी असं म्हणतो की फासा एकाच घरावर लावायचा नाही. गणिताचं एक चांगलं आहे, त्याला दारं बरीच आहेत. फक्त ती आपल्याला कुणी दाखवत नाही. बँकेच्या परीक्षेत, स्टाफ सिलेक्शनमध्ये गणिताचा पेपर असतोच. विमा कंपन्यांत ॲक्चुअरी म्हणून काम असतं, त्याच्या परीक्षा वर्षानुवर्षं द्याव्या लागतात, पण त्याला कुणा संस्थाचालकाला डोनेशन द्यावं लागत नाही. भारतीय सांख्यिकी सेवा आहे, यूपीएससी घेते. बी.एस्सी.नंतर जॅम परीक्षा देऊन आय.आय.टी.त एम.एस्सी. करता येते. कोलकात्याची सांख्यिकी संस्था फी घेत नाही, उलट विद्यावेतन देते. नेटमध्ये जे.आर.एफ. मिळाली तर २०२३ पासून महिन्याला ३७,०००. हे आपल्या किती पोरांना बारावीत असताना माहीत असतं? मला नव्हतं. मास्तरला होतं का? असेल. त्यानं सांगितलं नाही.

आणि एक सावधगिरी. राज्यातल्या कॉलेजांत आता नवं धोरण आलंय, चार वर्षांची ऑनर्स डिग्री. तीन वर्षांनंतर डिग्री घेऊन बाहेर पडता येतं. चौथं वर्ष म्हणजे आमच्या हिशेबानं आणखी १ लाख ७४ हजार. पुढं संशोधन करायचं असेल तर ते वर्ष उपयोगी, एम.एस्सी. एका वर्षात होते. नुसतं नाव मोठं म्हणून घेऊ नका. प्रत्येक वर्षाच्या आधी घरचा कागद पुन्हा काढा.

आता कुणी म्हणेल, एवढं सगळं पैशाचंच बोललास. गणिताच्या आनंदाचं काय? बोलतो.

देवळालीच्या शाळेत कापरेकर नावाचे शिक्षक होते. नुसते बी.एस्सी., १९२९ चे. शाळेत पोरांना शिकवत आणि आकड्यांशी खेळत. १९४९ ला त्यांनी मांडलं की सगळे आकडे सारखे नसलेली कोणतीही चार आकडी संख्या घ्या, आकडे उतरत्या क्रमानं लावा, चढत्या क्रमानं लावा, वजाबाकी करा. असं करत गेलात की शेवटी ६१७४ येतेच. बड्या लोकांनी आधी हसण्यावारी नेलं, नंतर जगानं नाव घेतलं. मला हा माणूस आवडतो. पण मी एक तारीख त्याच्या शेजारी ठेवतो. १९३० ला कापरेकर देवळालीत मास्तर झाले. त्याच साली, त्याच नाशिक जिल्ह्यात, आपले लोक काळाराम मंदिराच्या दारात लाठ्या खात होते. आकड्यांशी खेळायला आधी पोट भरलेलं लागतं आणि दार उघडं लागतं. आपल्यात कापरेकर जन्मलेच नसतील असं मी मानत नाही. ते मेलेली ढोरं ओढत होते.

गोदीतलं सांगतो. प्रत्येक कंटेनरवर चार अक्षरं, सहा आकडे आणि शेवटी चौकटीत एक आकडा असतो. मी चार वर्षं तो चौकटीतला आकडा बघतोय. विचारलं तर मुकादम म्हणाला, तो कॉम्प्युटरचा, तुला काय करायचंय. एकदा कारकुनानं नंबर लिहिताना दोन आकडे उलटे टाकले. दोन तास कंटेनर सापडेना. शेवटी ठेकेदारानं मजुरी कापली ती आमची. त्याच रात्री बहिणीला फोटो पाठवला. तिनं कुठून तरी नियम शोधला. अक्षरांना १० पासून किंमत, ११, २२, ३३ सोडून. मग पहिल्याला १ नं गुणायचं, दुसऱ्याला २ नं, तिसऱ्याला ४ नं, असं दुप्पट दुप्पट करत. सगळ्याची बेरीज, ११ नं भागायचं, उरेल ती बाकी चौकटीत. नियम समजवायला तिनं जे उदाहरण घेतलं त्याची बेरीज आली ६१८५. अकरानं भागून बाकी ३. चौकटीत ३. नंबर लिहिताना चूक झाली की ही बाकी सहसा जुळत नाही. म्हणजे त्या दिवशी कारकुनाची चूक तिथल्या तिथं पकडता आली असती आणि आमची मजुरी वाचली असती. आम्ही ज्या डब्याला रोज हात लावतो त्याच्यावर आमचा निर्दोषपणा लिहिलेला होता. आम्हाला वाचता येत नव्हता.

गणिताचा खरा मोबदला हा आहे.

आणि हे गोदीपुरतं नाही. २०१८ ला यूजीसीनं फर्मान काढलं, प्राध्यापक भरतीची बिंदुनामावली विद्यापीठावर नाही, विभागावर लावा. ऐकायला किती साधं! पण तेरा बिंदूंच्या नामावलीत एस.सी.ची पहिली जागा सातवी. एस.टी.ची चौदावी. गणित विभागात सहाच जागा असल्या तर सातवी नेमणूक यायला आधी कुणीतरी निवृत्त व्हायला हवं. तोवर वाट बघा. एकाही शिवीशिवाय, एकाही लाठीशिवाय, नुसत्या भागाकारानं आपल्याला बाहेर काढलं. देशभर पोरं रस्त्यावर उतरली तेव्हा २०१९ ला कायदा करावा लागला आणि विद्यापीठ हाच घटक धरला गेला. पण त्याच कायद्याच्या परिशिष्टात टाटा मूलभूत संशोधन संस्था, चेन्नईची गणितविज्ञान संस्था, प्रयागराजची हरिश्चंद्र संस्था यांना शिक्षकांच्या आरक्षणातून सूट आहे. गणिताची सगळ्यात वरची माडी. तिथं आमचा हिस्सा मागायचा नाही!

ज्या दिवशी अशी फर्मानं निघतात त्याच दिवशी सकाळी ती वाचून सातवी जागा कुठं गेली हे सांगणारा माणूस आपल्या प्रत्येक तालुक्यात पाहिजे. अंबडला पाहिजे, भोकरदनला पाहिजे, मंठ्याला पाहिजे. २०१५ साली इथं दरेगावला ड्रायपोर्टची पायाभरणी झाली. गोदी समुद्र सोडून आपल्या जालन्यात येतेय. तिथं हमाल आपण असू, यात शंका नाही. हिशेब ठेवणारं कोण असेल, हा प्रश्न आहे.

तेव्हा माझं उत्तर. बहिणीला मी सोमवारी फॉर्म भरायला लावणार आहे. तीन वर्षांचे पैसे मी उभे करतो. ओव्हरटाइम करीन, कवितेच्या पुस्तकाला साठवलेले पैसे मोडीन. ते पुस्तक थांबू शकतं. तिनं मला तीन गोष्टी कबूल केल्यात. स्वाधारचा अर्ज पहिल्या दिवशी करायचा, दुसऱ्या वर्षापासून जॅमची आणि बँकेची तयारी सोबत चालू ठेवायची, आणि दर रविवारी वस्तीतल्या विहारात आठवी ते दहावीच्या पोरांना फुकट गणित शिकवायचं. ती औरंगाबादला असेल तेव्हा सुट्टीत शिकवील. फासा आमच्या घराचा पडेल, पण खेळ सगळ्या वस्तीचा झाला पाहिजे.

आणि तुमच्याकडून मला काय पाहिजे तेही सांगतो. जयंतीची वर्गणी गोळा होते तशी एक पेटी ठेवा. भाडं आणि स्वाधार यांच्यामधल्या दोन-चार महिन्यांसाठी पोरांना बिनव्याजी पैसे द्यायला. पैसे आले की परत. डी.जे.चा एक तास कमी करा, एका पोरीचं एक सत्र वाचतं. हे गणित सोपं आहे, याला डिग्री लागत नाही. आणि समाजकल्याणच्या ऑफिसात पेंडिंग अर्जांची यादी मागायला दर महिन्याला पाच जण जा. आकडा विचारा. आकडा विचारणाऱ्या माणसाला ते घाबरतात.

उद्या बहीण नापास झाली, नोकरी लागली नाही, तर मी इथंच उभा राहून तेही सांगीन. कबूल करतो. पण 'तुमच्या लोकांचं डोकं चालत नाही' म्हणून कुणी सुटलो असं म्हणायचं नाही. मी म्हणालो होतो एकदा. ते पुरे झालं.

जय भीम.